आर-१७ फुटली!

मंडळी, आर-१७ चा, म्हणजे ओळीने सतरा एक लिहून होणाऱ्या संख्येचा, भाजक सापडला: २०७१७२३. काल रात्री पावणेबाराला.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की २५ लाखांपर्यंत जाऊनही काही हाती लागलं नाही. का, ते आता कळलंय आणि अजून जीव जळतोय. स्प्रेडशीट १५ अंकांपुढचं काही राखतच नाही. सतरा एक टाइप केले की शेवटचे दोन गिळून तिथे शून्यं ठेवतं. तीन आठवडे मी भलत्याच संख्येला भाग देत होते! अशा कामाला स्प्रेडशीट वापरणार असाल तर हे आधी तपासा.

मग वाटलं, एवढी लांब संख्या मांडायचीच कशाला? १० च्या सतराव्या घाताला भाजकाने भागून बाकी १ उरली की काम झालं. दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात असे वर्ग करत जायचं, शेवटी एकदा दहाने गुणायचं, आणि दर पायरीला फक्त बाकी पुढे न्यायची. २५ लाखांचा वर्ग १३ अंकी, म्हणजे बिनधास्त मावतो. आर-१७ चे मूळ भाजक ३४क+१ (क = १, २, ३...) याच रूपाचे असतात, म्हणून तीच यादी पुन्हा पहिल्यापासून लावली. शिवाय १० हा भाजकाचा वर्गशेष, म्हणजे एखाद्या वर्गाला त्याने भागून उरणारी बाकी, असावा लागतो, आणि ते भाजकाला ४० ने भागून कळतं. या ४० च्या चाळणीमुळे साठ हजार ओळींच्या चोवीस हजारांच्या आसपासच उरल्या.

तरी स्प्रेडशीटवर विश्वास बसेना, म्हणून चौकटीची वही काढली. आठव्या घाताची बाकी ५५७२९६. तिचा वर्ग ३१०५७८८३१६१६. नवाचा ताळा घेतला: इकडे ४, तिकडे ४. भागून बाकी ६२१५१७. दहाने गुणलं, ६२१५१७०. आणि २०७१७२३ ची तिप्पट ६२१५१६९. बाकी १! तो एक मी दोनदा गिरवला.

दुसरा अवयव ५३६३२२२३५७. त्याचं वर्गमूळ ७३२३४ च्या जरासं पुढे, आणि तिथवरचे सगळे भाजक आधीच तपासून झालेले. म्हणजे तो मूळ संख्या आहे हे वेगळं सिद्धच करावं लागलं नाही. मला या सगळ्यात हेच जास्त आवडलं.

अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग म्हणजे गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या डेमलो संख्या. आर-१७ चा वर्ग ही सतरावी, तीही यातच सुटली. कापरेकर शाळेला ठाण्यातच होते, आणि डेमलो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. रोज संध्याकाळी ठाण्याहून त्याच स्टेशनवर उतरते, आज उतरताना पाटीकडे जरा वेळ बघत राहिले.

पुढे आर-१९ घेणार होते. ती मूळ आहे हे माहीत आहे, पण माझ्या पद्धतीने पडताळायला १०५ कोटींपर्यंत जावं लागेल, म्हणजे ३८क+१ च्या पावणेतीन कोटींहून जास्त ओळी. स्प्रेडशीटमध्ये शक्य नाही. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकेपर्यंत ते राहू दे.

थांबा, लिहिता लिहिताच सुचलं. आर-३४ म्हणजे आर-१७ गुणिले (१० चा सतरावा घात अधिक १). मग तोच तक्ता चालेल, फक्त शेवटी १ ऐवजी भाजकाहून एकने कमी बाकी शोधायची! चाळणी मात्र बदलावी लागेल, आता १० नाही तर उणे १० वर्गशेष हवा. क = ३ घेऊन १०३ तोंडीच करून बघते: बाक्या १००, ९, ८१, ७२, आणि शेवटी ७२०, म्हणजे १०२. मिळाला! जुन्या चाळणीने हा पहिल्याच झटक्यात बाहेर टाकला होता.