मधलं वर्ष

रविवार, 12 एप्रिल

मोहफुलं संपत आली. आता गावात एकच विषय, तेंदू, म्हणजे विडीचं पान. फळी, म्हणजे पान विकत घेण्याची जागा, कधी लागणार, शेकड्याला भाव काय मिळणार, कोणत्या बाजूला पान चांगलं फुटलंय. आमच्या घरात मात्र हा विषय निघत नाही. कुणी पाहुण्याने काढलाच तर आई उठून चुलीपाशी जाते आणि भाची मोबाईलचा आवाज वाढवते.

ताई परारच्या तेंदूत गेली. चारचौघी बायांसोबत पहाटे जंगलात गेली होती, वाकून पान तोडत असताना वाघाने धरलं. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही आणि ब्रह्मपुरीच्या मधलं, इकडे ही बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घराची असते. भाची तेव्हा सातवीतून आठवीत जाणार होती. भाऊजी कामासाठी तेलंगणात असतात, म्हणून ती आमच्याकडे राहते.

जानेवारीपासून तिच्या वर्गातल्या मुली 'स्ट्रेंजर थिंग्ज'बद्दलच बोलत होत्या. या मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे 1 जानेवारीच्या सकाळी आला, तेव्हापासून तिने माझ्यामागे लकडा लावला. मी आधी एकट्याने पहिला भाग पाहिला आणि नाही म्हणालो. 1983 सालचं अमेरिकेतलं हॉकिन्स नावाचं काल्पनिक गाव, विल नावाचा बारा वर्षांचा मुलगा रात्री सायकलवरून रानाच्या कडेने घरी येतो आणि घरामागच्या शेडमधून गायब होतो. मग टॉर्च घेऊन, ओळीने चालत, त्याच्या नावाने हाका मारणारी माणसं. तशा हाका आमच्या गावाने मारलेल्या आहेत. हे पोरीला कसं दाखवायचं?

"मामा, मले मालूम हाय त्यात काय हाय. मले तेच पाहाचं हाय," ती म्हणाली.

म्हणून आम्ही दोघं पाहतो. अंगणात खाट, उशीला टेकवलेला मोबाईल, हिंदी आवाज. रेंज गेली की थांबायचं. काल दुसरा सीझन संपला आणि तेव्हापासून जे डोक्यात फिरतंय ते लिहून काढतो.

पहिल्या सीझनच्या शेवटी विल परत येतो. नाताळचं जेवण चाललेलं असतं, आई आहे, मोठा भाऊ आहे. विल हात धुवायला म्हणून उठतो. बेसिनमध्ये खोकतो आणि तोंडातून एक गोगलगाईसारखा जीव बाहेर पडतो, क्षणभर सगळं घर तो जिथे अडकला होता त्या दुसऱ्या, काळोख्या जगासारखं दिसतं. मग तो तोंड पुसतो आणि जेवायला येऊन बसतो. काहीच सांगत नाही.

भाचीने तिथे मोबाईल थांबवला. "त्याची माय खूश हाय ना, म्हनून सांगत नाही तो." एवढंच बोलून तिने पुढे लावलं. मला मात्र मागचे कित्येक महिने डोळ्यांसमोर आले. रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखणारं पोट. आईने विचारलं की "काही नाही, बरं हाय". सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं, सोनोग्राफी झाली, पोटात काही नव्हतं. आई पंचाहत्तरीची, तिची स्वतःची लेक गेलेली. पोरगी आजीला सांभाळत होती.

दुसरा सीझन सुरू होतो तो जवळजवळ एका वर्षानंतर. विलला भास होत असतात. ओवेन्स नावाचा डॉक्टर त्याच्या आईला समजावतो की ती तारीख जवळ आली की असं होतं, मन आणि शरीर दोन्ही तिकडे ओढली जातात, चिडेल, बिथरेल, धीर धरा, घाई करू नका. ॲनिव्हर्सरी इफेक्ट हा शब्द तो वापरतो, आणि तो मालिकेने रचलेला नाही, मानसोपचारातला आहे. कॅलेंडर बघावंही लागत नाही. वास पुरतो, ऊन पुरतं. आमच्याकडे तर अख्खं गाव आठवण करून देतं. मे महिन्यात घरोघरी ओसरीवर पान मोजणं चालतं. सत्तर पानांचा एक पुडा, चवड लावायची, सालीने बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन ओळीने मांडायचा. ओल्या तेंदूपानाचा तो तुरट हिरवा वास रात्रीपर्यंत हातांना राहतो. गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकू पुडे बांधत बसल्या होत्या आणि भाचीला आमच्याच अंगणात उलटी झाली. तिला त्या दिवशी कुणी काही बोललेलं नव्हतं.

तेव्हा मला हा डॉक्टर पटला. पण मालिका त्याचं ऐकत नाही. दोन-तीन भागांतच कळतं की विलचे भास म्हणजे आठवण नव्हे, खराच राक्षस आहे, त्याच्या अंगात शिरलाय. मग बंदुका, आग, आणि इलेव्हन नावाची अद्भुत शक्तीची मुलगी हात पुढे करून त्या जगाचं दार बंद करते. पाहताना श्वास अडकतो, खोटं कशाला बोलू. तरी मला रुखरुख लागली. इतकी नेमकी गोष्ट हाताशी आली होती, राक्षसाच्या नादात ती सुटली.

भाचीला मात्र तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "पन मामा, राक्षस होताच ना. डॉक्टर म्हने नाही, पोरगा म्हने हाय. पोरगाच खरा निंगाला." मी यावर बराच वेळ गप्प होतो. तिचं खरं आहे. भीती मनात असते, संपलेल्या गोष्टीला मन धरून बसतं, हे शहरातल्या पुस्तकांना ठीक. आमच्या गावात वाघ आहेच. परवा नाल्यापलीकडे पुन्हा पगमार्क दिसले, सकाळी शाळेच्या रस्त्यावर पोरं घोळक्याने गेली. तिला "आता काही भीती नाही" असं कुठल्या तोंडाने सांगू? हॉकिन्समध्ये दार बंद करता येतं. आमचं जंगल बंद करता येत नाही आणि कुणाला करायचंही नाही. मोहफूल त्यातलं, सरपण त्यातलं, तेंदूच्या पैशावर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि पेरणीचा खर्च निघतो. आईनेही वाघावर राग धरला नाही, "त्याचंबी रान हाय" म्हणते. जिथे धोका उभाच आहे तिथे पोरीने बरं व्हायचं म्हणजे नेमकं कसं, हे मला कुठल्याच मालिकेत अजून सापडलं नाही. तिला कुणी "तुझा भास आहे" म्हटलं की ती मिटते आणि "हो, आहे, म्हणून आपण मिळून जाऊ" म्हटलं की चप्पल घालते, एवढं मी पाहिलंय.

चौथा सीझन मी पुढे जाऊन आधी पाहून घेतला, तिला दाखवायचा की नाही हे ठरवायला. 2022 साली आला तो. त्यातला वेक्ना नावाचा राक्षस पोरांना निवडून मारतो, आणि निवडतो कशावरून, तर ज्यांच्या मनात अपराध दडलाय, लाज दडलीय, त्यांनाच. त्या पोरांपैकी मॅक्स नावाच्या मुलीचा सावत्र भाऊ तिच्यासमोर मेलेला असतो. तो नकोसा होता, कधीतरी तो मरावा असंही तिच्या मनात येऊन गेलेलं, आणि तेच तिला खातंय. शाळेत समुपदेशक बाई आहेत, त्यांच्यासमोर ती "ठीक आहे" म्हणून सुटते. मैत्रिणी तोडते, कानात वॉकमन घालून एकटी फिरते.

तिच्या सुटकेचा प्रसंग जगभर गाजला. स्मशानभूमीत ती भावाच्या थडग्यापाशी पत्र वाचते, वेक्ना तिला धरतो, ती हवेत उचलली जाते आणि मित्र तिच्या आवडीचं केट बुशचं गाणं तिच्या कानाला लावतात. 1985 चं गाणं, पण 2022 मध्ये पुन्हा सगळीकडे वाजलं. लोक म्हणाले, गाण्याने वाचवलं. मला वाटतं, त्या पोरांना तिचं आवडतं गाणं माहीत होतं, त्याने वाचवलं. ती त्यांना झिडकारत होती तरी ते तिला गाडीतून तिथे घेऊन आले होते आणि लांब थांबले होते. आमच्या पोरीला कुठलं गाणं आवडतं हे गावात किती जणांना ठाऊक असेल? तिला भरपाईचे किती लाख मिळाले हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच सीझनमधली एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. इलेव्हनची शक्ती गेलेली असते. ती परत यावी म्हणून तिला नेवाडातल्या जमिनीखालच्या केंद्रात पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि लहानपणच्या सगळ्यात भयंकर दिवसात पुन्हा पुन्हा ढकलतात. ती नको म्हणते, पळू बघते. शेवटी आठवण पूर्ण होते आणि शक्ती येते. म्हणजे जबरदस्ती कामी आली. मला त्या वेळी आमच्या अंगणातल्या खुर्च्या आठवल्या. ताई गेली त्या आठवड्यात किती माणसं येऊन बसली, आणि प्रत्येकाने तेरा वर्षांच्या पोरीला जवळ ओढून विचारलं, "सांग बाई, कसं झालं?" ती तर तिथे नव्हतीही. तरी सांगायची, बायांकडून ऐकलेलं, तेच ते शब्द. मोबाईलवर शूटिंगही झालं. मग एक दिवस ती कोठीत जाऊन बसली आणि कुणी आलं की बाहेरच येईना. आठवण सांगण्यात बळ असतं हे मी मानतो. पण कधी, कुणाला आणि किती सांगायची, हे जिची आठवण आहे तिने ठरवावं.

राहून राहून मला वाटतं, या मालिका सीझन बदलताना जो काळ गाळतात, तोच मला बघायचा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमधलं ते वर्ष. तिसऱ्या आणि चौथ्यामधले आठ महिने. विल पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा डबा कुणाशेजारी बसून खाल्ला? मॅक्सच्या आईने घर बदललं तेव्हा भावाचे कपडे कुठे ठेवले? ताईचं लुगडं आईने एका पिशवीत ठेवलंय. भाची ते कधी काढते, वास घेते, परत घडी घालते. यात राक्षस नाही म्हणून ते पडद्यावर येत नाही.

तरी कुणीतरी ते केलंय. 'स्टीव्हन युनिव्हर्स फ्युचर' नावाची कार्टून मालिका आहे, 2019च्या डिसेंबरात सुरू होऊन मार्च 2020 मध्ये संपली. तिची सुरुवातच जग वाचवून झाल्यावर होते. स्टीव्हनला काय होतंय ते त्यालाच कळत नाही, अंग फुगतं, राग आवरत नाही. त्याच्या मैत्रिणीची आई डॉक्टर, प्रियंका महेश्वरन, ती एक्स-रे काढते. हाडांवर जागोजागी तडे जाऊन भरल्याच्या खुणा. जी साहसं आपण गाणी गात हसत पाहिली होती, ती सगळी अंगावर लिहिलेली. ती त्याला सांगते की लहानपणी पुन्हा पुन्हा संकटात पडलेलं शरीर साध्या गोष्टीलाही जीवावरचं संकट समजतं. पोटदुखीचा अर्थ मला तिथे कळला. डॉक्टरीणबाईही तेच सांगत होत्या, पण त्यांच्या ओपीडीला रांग असते, बोलायला वेळ कुठून आणणार.

आणि 'स्टेशन इलेव्हन'. 2021च्या डिसेंबरात आलेली, दहाच भाग, मी रात्री एकट्याने सबटायटल वाचत पाहिली. तापाच्या साथीत जग संपतं. कर्स्टन आठ वर्षांची, आईबाप गेल्याचं तिला फोनवरच्या मेसेजने कळतं. जीवन नावाचा, ना नात्याचा ना गोत्याचा माणूस तिला घरी सोडायला म्हणून निघतो आणि तिचा होऊन जातो. पुढे जीवनवर लांडगा हल्ला करतो, दोघांची ताटातूट होते. लांडग्यापाशी मी मोबाईल खाली ठेवला, पुढचं दुसऱ्या दिवशी पाहिलं. वीस वर्षांनी कर्स्टन फिरत्या नाटक कंपनीत आहे, गावोगाव शेक्सपिअर करते. हॅम्लेट होऊन उभी राहते, बाप गेल्याचं दुःख बोलते, आणि मध्येच ती आठ वर्षांची पोर, हातात फोन, दिसते. ही मालिका वीस वर्षं उडी मारते आणि मग पुन्हा पुन्हा मागे येऊन मधला काळ भरत राहते. एक अख्खा भाग नुसता बंद घरातल्या दिवसांचा आहे.

फिरती नाटक कंपनी म्हटल्यावर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या माणसाला काय आठवणार! इकडच्या नाटक कंपन्यांचं वडसा इथून जवळ. भाऊबीज झाली, धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्रभर नाटक. आमच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. गेल्या मंडईत गावात कौटुंबिक नाटक होतं. तिसऱ्या अंकात आई मरते. बायांच्या बाजूला हुंदके सुरू झाले, मोठमोठ्याने, कुणाला कुणाची लाज नाही. मी पुरुषांकडून वाकून पाहिलं. भाची काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि तिच्यासोबत चारशे माणसं रडत होती, तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही. मग विनोदी नट आला तेव्हा ती हसलीही. पहाटे घरी येताना म्हणाली, "त्या बाईनं मरताना लय वेळ लावला गा मामा." नाटकाबद्दल ती आठवडाभर बोलत होती. तिच्या आईबद्दलही, मधूनमधून, आपणहून.

आईचं म्हणणं आहे की तेंदू सुरू व्हायच्या आत पोरीला नागपूरला मावशीकडे पाठवावं. भाऊजींचंही फोनवर तेच. मी आज जेवताना सरळ तिलाच विचारलं. म्हणाली, वर्षश्राद्धाच्या दिवशी इथेच राहीन, पान मोजायची वेळ झाली की संध्याकाळी मात्र दूर कुठेतरी ने. कुठे ते तिने अजून ठरवलेलं नाही, तलावाकडे असं म्हणत होती. त्या दिवसांत मी शेतावरचं काम लवकर उरकेन. टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, माझ्यासमोर बोलायची गरज नाही हेही सांगितलं. तिने तो "डॉ. ओवेन्स" नावाने ठेवलाय. तिसरा सीझन बुधवारपासून, उद्या तिचा भूगोलाचा पेपर आहे.