जीसीएसईचा रिव्ह्यू : दोन मार्क आणि अठ्ठावीस दिवस

आधीच सांगून टाकते, आमचं रिव्ह्यूचं, म्हणजे रिझल्टनंतर मार्क परत पडताळून घ्यायचं काम झालं. लेकीचा मॅथ्सचा ग्रेड ६ चा ७ झाला आणि तिला ए-लेव्हल (आपली अकरावी-बारावी समजा) मॅथ्स मिळालं. पण त्या एका ऑफिसचा राग अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय. पुढच्या ऑगस्टमध्ये इथल्या कुणा आईबापाला उपयोग झाला तर बरंच.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेकीची जीसीएसई २०२४ ची, म्हणजे आपली दहावीच समजा. ग्रेड ९ ते १, त्यात ९ सगळ्यात वर (माझ्या सासूबाईंना अजूनही वाटतं १ म्हणजे पहिला नंबर, आणि आम्ही त्यांना तसंच वाटू देतो). पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म. तिला दुसऱ्या शाळेच्या सिक्स्थ फॉर्मची ऑफर होती, पण ए-लेव्हल मॅथ्ससाठी अट होती की मॅथ्समध्ये ७ पाहिजेच. २२ ऑगस्टला, गुरुवारी सकाळी पाकीट उघडलं, बाकी सगळं मस्त आणि मॅथ्स ६. ग्रेड बाउंडरी, म्हणजे कुठल्या ग्रेडला किमान किती मार्क, त्याच दिवशी वेबसाइटवर येतात, त्या बघितल्या तर तीन पेपर मिळून दोन मार्कांनी ७ हुकलेला. दोन! पोरगी रडत नव्हती, नुसती फोनकडे बघत बसलेली, ते जास्त वाईट.

सिक्स्थ फॉर्मवाल्या बाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या बाकी विषयांना ॲडमिशन पक्की, मॅथ्सची जागा २० सप्टेंबरपर्यंत धरून ठेवते, तोपर्यंत ग्रेड बदलून आणा. हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको. जागा धरून ठेवायचं कुठलंही बंधन त्यांच्यावर नसतं.

आता खरा किस्सा. इथे आईबाप परीक्षा बोर्डाशी बोलूच शकत नाहीत. मी फोन केला तर गोड आवाजात सांगितलं, तुमच्या शाळेमार्फत या. म्हणजे रिव्ह्यू ऑफ मार्किंग असो की उत्तरपत्रिकेची कॉपी, सगळं जुन्या शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरच्या हातात. त्या बाई बसतात एका खिडकीमागे. गुरुवारी त्या खिडकीसमोर ही लांब लाइन, आमचा नंबर आला तेव्हा बाई म्हणाल्या, ईमेल करा. केला, दुपारी दोन वाजता. शुक्रवारी काही नाही. शनिवार, रविवार, सोमवारी बँक हॉलिडे. मंगळवारी ऑटो-रिप्लाय आला की ऑफिस २ सप्टेंबरला उघडेल. मी तो ऑटो-रिप्लाय तीनदा वाचला. रिसेप्शनला फोन केला तर मेसेज देते म्हणाली, बुधवारी परत केला तर आणखी एक मेसेज देते म्हणाली, मी म्हटलं पहिला मेसेज कुठे गेला तर म्हणे तोही दिलाय. गुरुवारी मी गाडी काढून शाळेत गेले, गेटला कुलूप आणि आत एक माणूस गवत कापतोय. त्याला विचारून तरी काय विचारणार!

नंतर कळलं की जेसीक्यू, म्हणजे या सगळ्या बोर्डांची मिळून जी संस्था आहे, तिच्या नियमातच आहे की रिझल्टनंतर लगेच शाळेतली सीनियर माणसं मुलांना भेटायला उपलब्ध पाहिजेत. हे आधी माहीत असतं तर रिझल्टच्या गुरुवारीच खिडकी सोडून डेप्युटी हेडला गाठलं असतं. तुम्ही गाठा.

या मधल्या दिवसांत सांगलीच्या दादाशी बोलले. तो शिक्षक आहे, दहावीचे पेपर तपासतो. त्याला इथलं काही ठाऊक नाही, पण पहिलं वाक्य काय तर, "अगं आधी छायाप्रत मागव, बघ, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरव." इथेही अगदी तेच करायचं असतं आणि इथे मला एकाही माणसाने ते सांगितलं नव्हतं. मी थेट रिव्ह्यू टाकायला निघाले होते. रिव्ह्यूत ग्रेड वर जाऊ शकतो, तसाच खालीही येऊ शकतो, म्हणून तर मुलाची लेखी संमती घेतात. सही मुलाचीच हं, आईबापाची चालत नाही, आणि रिझल्ट लागल्यानंतरचीच लागते.

२ सप्टेंबरला, सोमवारी, सकाळी आठला मी त्या खिडकीसमोर. बाई म्हणाल्या, "शाळेच्या धोरणानुसार आम्ही दोन मार्कांसाठी रिव्ह्यूला सपोर्ट करत नाही, बहुतेक वेळा काही बदलत नाही." मी म्हटलं मला रिव्ह्यू नकोय, आधी तिन्ही पेपरच्या कॉपी द्या. त्यावर म्हणे त्याला वेळ लागतो. माझ्या मागे उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, माझी तर त्याच दिवशी आली. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं! पण कॉपी संध्याकाळी ईमेलमध्ये आली. म्हणजे अकरा दिवस ज्याची वाट बघितली ते काम एका दुपारचं होतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं पेपर घेऊन बसलो, शेजारी मार्क स्कीम उघडलेली. मार्क स्कीम म्हणजे आपले स्टेप्सचे मार्क, एम म्हणजे मेथडचा, ए म्हणजे उत्तर बरोबर आलं त्याचा. पहिला पेपर ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्यात व्हेक्टर्सचा पाच मार्कांचा प्रश्न, तिला मिळालेला एक. लेक म्हणाली, "असं कसं, मी तर पूर्ण केला होता." मग आठवलं, जागा संपली म्हणून तिने पुरवणी मागितली होती. पुरवणी स्कॅनमध्ये अगदी शेवटी होती, वर तिच्या अक्षरात २२ लिहून गोल केलेला, खाली अर्ध्या पानाचं व्यवस्थित उत्तर. फक्त शेवटच्या ओळीत एक चिन्ह चुकलेलं. पेपर स्क्रीनवर प्रश्नाप्रश्नाने तपासतात, त्यात ते पान कुणी बघितलंच नव्हतं. नवऱ्याने दोनदा मोजलं, तीन मार्क राहिलेत. मी तिसऱ्यांदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी परत खिडकी, परत "धोरण". तोपर्यंत मी शाळेच्या वेबसाइटवरून एक पीडीएफ शोधून प्रिंट करून नेली होती. रिव्ह्यूला शाळेने नाही म्हटलं तर शाळेतच त्याविरुद्ध अपील करता आलं पाहिजे, अशी लेखी पद्धत प्रत्येक शाळेला ठेवावीच लागते. मी तो कागद काचेवर ठेवला आणि म्हटलं, मग याचा फॉर्म द्या. बाई आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कन्सेंट फॉर्म भरा. बुधवारी, ४ तारखेला अर्ज गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्या, रिव्ह्यू म्हणजे नव्याने तपासणं नव्हे. आधीच्या परीक्षकाची चूक दिसली तरच मार्क बदलतात, नुसतं दुसऱ्याने जरा सढळ हाताने दिले असते असं चालत नाही. म्हणून आम्ही फक्त तिसरा पेपर पाठवला आणि पुरवणीचं शाळेला स्पष्ट कळवलं. आणि खालची बाउंडरीपण बघून ठेवा, आमचा ५ पर्यंत घसरायचा धोका जवळजवळ नव्हता म्हणून सही करताना हात थरथरला नाही. रिव्ह्यूनंतरही पटलं नाही तर बोर्डाकडे अपील असतं, तेही शाळेमार्फतच, आणि त्याला तीस दिवसांची मुदत. आम्हाला ती वेळ आली नाही.

बोर्डाला वीस दिवस असतात. ते दिवस लेक मॅथ्सच्या वर्गात मागे बसून काढत होती, हजेरीपटावर नाव नसताना. नोव्हेंबरच्या रीसिटसाठी, म्हणजे परत परीक्षा द्यायला, नावही देऊन ठेवायचं आम्ही ठरवलं होतं, मॅथ्स आणि इंग्लिशला तेवढी सोय आहे. १९ सप्टेंबरला, गुरुवारी, मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये असताना लेकीचा मेसेज आला, त्यात नुसता ७. मी मीटिंगमध्येच "हुश्श" म्हणाले, मोठ्याने, सगळे बघायला लागले.

तीन मार्क वाढले, जेवढे नवऱ्याने मोजले तेवढेच, हे तो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. दादाला फोन केला तर म्हणाला, "पुरवणी बांधताना दोरा घट्ट बांधायचा, मी पोरांना दरवर्षी सांगतो." त्याला स्कॅनिंगचं समजावायचा प्रयत्न सोडून दिला.

हो, फीचं राहिलंच. पेपरमागे फी (तेव्हा चाळीस-पन्नास पाउंड) शाळा आधी भरून घेते आणि ग्रेड बदलला तर बोर्ड फी घेत नाही, म्हणजे ते पैसे आपल्याला परत मिळायला हवेत. मी ऑक्टोबरमध्ये ईमेल केला. परवा हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी लागली आणि उत्तर आलं. ऑटो-रिप्लाय.