दहा पोती खाल्ली कोणी?

मागच्या बुधवारी बॅचचा हिशेब आला. शेडमध्ये मांसासाठीच्या कोंबड्यांची, म्हणजे ब्रॉयलरची, पाच हजार पिलं टाकली होती. लिफ्टिंगला, म्हणजे कंपनी पक्षी उचलून नेते तेव्हा, ४,७९० पक्षी निघाले, वजन भरलं १०,०६० किलो, खाद्य गेलं ३३२ पोती, पोतं पन्नास किलोचं. एफसीआर १.६५. कंपनीनं धरलेला होता १.६०. कंपनीचा सुपरवायझर पोरगा तसा भला आहे, कागद पुढे करताना जरा अवघडूनच म्हणाला, "वहिनी, पाच पॉइंटनं गेली बॅच."

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पॉइंट कळत नाहीत, पोती कळतात. मी गुणाकार करून सांगितलं की एवढंच वजन भरायला दहा पोती जादा गेली. ते बाजेवर उठून बसले. "दहा पोती? खाल्ली कोणी?"

पोल्ट्रीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. एक किलो जिवंत वजन भरायला किती किलो खाद्य लागलं, तो एफसीआर. आकडा जितका खाली तितकं बरं. करारात पिलं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, खाली पसरायचं तूस, वीजबिल आणि रात्रीचं जागरण आमचं. किलोमागे पैसे ठरलेले, पण एफसीआर चढला की त्यातून कापले जातात. शेवटी ब्रॉयलरच्या खर्चात निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा खाद्याचाच असतो, त्यामुळे कंपनीचा जीव त्या दुसऱ्या दशांशात अडकलेला असतो. आता माझाही.

मी झूलॉजीची बी.एस्सी. आहे. जेनेटिक्सच्या पेपरला कोंबडीच्या तुऱ्याचे चार प्रकार पाठ केले होते, गुलाब, वाटाणा, अक्रोड आणि एकेरी. कोंबडी खाते किती, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. लग्न होऊन इथे आले, शेडचं रजिस्टर हातात पडलं, तेव्हा कुठे कळलं की खरा पेपर हाच.

या विषयावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात झाला. हॅवनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ साली छापला. १९५७ सालच्या कोंबड्यांचा एक वाण तिकडे निवड न करता, होता तसा जपून ठेवलाय. तो घेतला, आणि त्याच्या शेजारी २००१ सालचा रॉस ३०८ या वाणाचा ब्रॉयलर. दोघांनाही दोन्ही प्रकारचं खाद्य घालून पाहिलं, १९५७ च्या पद्धतीचं आणि २००१ च्या पद्धतीचं. बेचाळिसाव्या दिवशी जुना पक्षी जुन्या खाद्यावर ५३९ ग्रॅम, नवा पक्षी नव्या खाद्यावर २,६७२ ग्रॅम. हे ऐकून कोणी म्हणेल, खाद्य सुधारलं म्हणून. तर जुन्या पक्ष्याला नवं खाद्य घातलं तेव्हा तो भरला ५७८. सगळी आधुनिक पोषणविद्या ओतून एकोणचाळीस ग्रॅम! उलट नव्या पक्ष्याला जुनं खाद्य दिलं तरी त्यानं २,१२६ गाठले. वाढीतल्या बदलाचं ८५ ते ९० टक्के श्रेय त्यांनी जनुकांच्या निवडीला दिलं, उरलेलं खाद्याला.

माझ्या कामाचा हिशेब पुढचा आहे. १,८१५ ग्रॅमला पोचायला नव्या पक्ष्याला लागले ३२ दिवस आणि एफसीआर १.४७. जुन्याला लागले असते १०१ दिवस, एफसीआर ४.४२. किलोत मांडलं तर एकाला पावणेतीन किलोही खाद्य लागलं नाही, दुसऱ्याला आठ. आठ किलोतलं बरंचसं मांसात गेलंच नाही. एकशे एक दिवस अंग गरम ठेवायचं, श्वास घ्यायचा, हिंडायचं, पिसं वाढवायची, याला रोजचं काही ना काही लागतंच. पाहुणा महिनाभर राहिला काय आणि सव्वातीन महिने राहिला काय, रोजचा चहा-नाश्ता आलाच. म्हणून सुरुवातीची कित्येक वर्षं खाद्य मोजण्याच्या भानगडीत न पडता नुसती ठरलेल्या वयाला जड भरणारी कोंबडी निवडली तरी एफसीआर आपोआप उतरत गेला. दिवसच कमी झाले.

सासूबाईंच्या गावरान कोंबड्या अंगणात असतात. त्यांच्यात मागच्या वर्षी एक ब्रॉयलर येऊन पडला होता. लंगडत होता म्हणून लिफ्टिंगवाल्यांनी टाकून दिला. पोरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरणार, कुत्र्याच्या तोंडातलं पळवणार, संध्याकाळी शेवग्यावर चढून बसणार. पैलवान टोपल्याशेजारी बसायचा तो बसायचाच. बसून खायचा, तहान लागली की चार पावलं, परत बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "याला देवानं पाय कशाला दिले?" मला मात्र त्याच्या त्या बसण्यातच एफसीआर दिसायचा. एप्रिलातल्या एका दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकत तो गेला. तेव्हा चार किलोच्या पुढे होता. गावरान कोंबड्या त्याच उन्हात जांभळीखाली माती अंगावर उडवत बसल्या होत्या.

दोन कोंबड्यांचं वजन सारखं, वाढही सारखी, तरी एक थोडं कमी खाते, असं का? गोम इथे आहे. नुसता एफसीआर पाहून पक्षी निवडले तर पुन्हा जोरात वाढणारेच पुढे येतात. म्हणून आधी हिशेब मांडतात की एवढ्या वजनाच्या, एवढं वाढणाऱ्या पक्ष्यानं किती खायला हवं होतं. प्रत्यक्षात खाल्लं त्यातून ते वजा केलं की राहतं ते रेसिड्युअल फीड इन्टेक. उत्तर उणे आलं तर पक्षी काटकसरी. ही युक्ती मुळात गुरांसाठी १९६३ साली कॉक आणि सहकाऱ्यांनी मांडली होती. कोंबड्यांचे वाण तयार करणाऱ्या ब्रीडर कंपन्या पूर्वी यासाठी एकेक पक्षी पिंजऱ्यात ठेवून मोजायच्या. पण एकटी कोंबडी आणि कळपातली कोंबडी सारखं खात नाही, हे माझ्या सासूबाईही सांगतील. आता पक्ष्याच्या अंगावर त्याची ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर असतो, तुसावर मोकळ्या हिंडणाऱ्या पक्ष्यानं फीडरमध्ये मान घातली की कोण आलं, किती खाल्लं याची नोंद होते. त्याला डीएनएची जोड मिळाली. कोंबडीचा जीनोम २००४ साली वाचून झाला, तोही तिच्या पूर्वजाचा, तांबड्या रानकोंबडीचा.

आणि त्या कमी खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात नेमकं काय वेगळं असतं? फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांनी पचायला जड असा गहू घालून दोन वंश वेगळे काढले, एक चांगलं पचवणारा आणि एक वाईट पचवणारा. चांगलं पचवणाऱ्यांचा पेटा, म्हणजे खाल्लेलं दळणारी पिशवी, मोठा निघाला, वाईट पचवणाऱ्यांचं आतडं जड, आणि विष्ठाही जास्त. हे वाचल्यापासून मी कलेजी-पेटा साफ करताना थांबून बघते. गावरान कोंबडीचा पेटा कापायला सुरी दाबावी लागते, आत खडे, काचेचा तुकडा, एकदा ब्लाउजचं हूक. ब्रॉयलरचा मऊ, लवकर कापला जाणारा. क्रंबल आणि पेलेट, म्हणजे आधीच दळून केलेले दाणे, खाणाऱ्याला दळायचं काम उरलंय कुठे.

वर शुद्ध वंश, खाली पणजोबा-पणजी, आजी-आजोबा, पेरेंट म्हणजे आईबाप, आणि तळाशी माझी पाच हजार पिलं, अशी ही उतरंड. वरच्या टोकाला केलेली निवड माझ्या शेडपर्यंत झिरपायला चारेक वर्षं लागतात. म्हणजे या बॅचचं खाणं बरंचसं तेव्हाच ठरलं होतं, जेव्हा आमच्या शेडच्या जागी मका उभा होता.

माझा मामेभाऊ एका पेरेंट फार्मवर कामाला आहे. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून तिथे आत जायला आंघोळ करावी लागते, त्यामुळे मी पाहिलेलं नाही, त्यानं सांगितलेलं सांगते. खाद्य मोजून, ठरलेल्या वेळी. खाद्याचा आवाज आला की सगळा कळप अंगावर येतो आणि बघता बघता फीडर साफ. मग दिवसभर रिकाम्या फीडरवर, भिंतीवर, जिथे सापडेल तिथे टोचत राहतात. वाढीच्या वयात या कोंबड्यांना पोटभर खाल्ल्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतं. पोटभर घातलं तर त्या लठ्ठ होतात, पाय जातात, अंडी धड येत नाहीत. माझ्या पिलाला खा खा म्हणणारी जनुकं आईकडूनच आलेली, आणि आईला मात्र अर्धपोटी ठेवायचं. "तायडे, पहिला महिना मला झोप लागली नाही," तो म्हणाला. नंतर लागायला लागली, हेही त्यानंच सांगितलं.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ साली एकाच पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीच्या कळपातून दोन वंश फोडले, आठव्या आठवड्याला जड ते एकीकडे, हलके ते दुसरीकडे. निवड फक्त वजनावर. पन्नास पिढ्यांनी दोघांत दहापटीहून जास्त फरक पडला. जडांना आवर घालावा लागतो, नाहीतर खातच सुटतात. हलक्यांतली काही पिलं खायलाच शिकत नाहीत, समोर खाद्य असून मरतात. निवड वजनाची केली आणि हाती लागली भूक. हे वाचून मला ब्रॉयलरची कीव आली आणि त्याच दुपारी मी चिकन रस्सा केला, दोन्ही खरं आहे.

तर दहा पोती. आकडा साडेचारवरून दीडवर आणणारी माणसं माझ्या शेडमध्ये कधी येणार नाहीत. मला सुधारायला फारसं ठेवलेलं नाही, बिघडवायला मात्र सगळं मोकळं आहे. मी रजिस्टर काढलं. शेवटच्या आठवड्यातली मरतुक चाळीस, त्या वयाचा पक्षी तीनेक किलो खाऊन मरतो, म्हणजे अडीच पोती गेली, त्यातली थोडी कंपनीच्या हिशेबात धरलेली असतीलही. पिलं या खेपेला लहान होती, छत्तीस ग्रॅमची, बहुतेक नुकत्याच अंडी घालायला लागलेल्या पेरेंटची. ते मी सुपरवायझरला बोलून दाखवलं, त्यानं मान हलवली, कागदावर काही हललं नाही. चौथ्या रात्री उत्तरेचा पडदा फाटला आणि पहाटेपर्यंत पिलं शेगडीशी गोळा होऊन बसली होती. अंग गरम ठेवायला जे खाल्लं ते वजनात कसं येणार.

एवढं धरूनही हिशेब जुळेना. मग काल तूस काढताना आप्पांना हाक मारली. मधल्या ओळीतल्या फीडरखालचं मूठभर तूस उचललं आणि हळूच फुंकलं. तूस उडालं, तळहातावर दाणे राहिले, पिवळट, मक्याचा वास असलेले. पुढच्या फीडरखाली तेच. फीडरचा काठ पक्ष्याच्या पाठीशी बरोबर हवा. तिसऱ्या आठवड्यानंतर मी दोऱ्या वर घेतल्याच नव्हत्या, तेव्हा मोठीची परीक्षा चालू होती.

आप्पांनी एक दाणा दाताखाली धरून पाहिला, थुंकला आणि म्हणाले, "म्हणजे खाल्लीच नाहीत."

सोमवारी नवी पिलं येतायत. आज दिवसभर दोऱ्यांना गाठी मारतेय, दर चार बोटांवर एक.