दोन नंबरची जाळी

मृगाचा पहिला दणका पडला की आमच्या रात्रपाळीला डोळा लागत नाही. चार महिने नाल्यांत साठलेलं सगळं एकाच लोंढ्यात येतं. मी इंदुरातल्या एका मलजल शुद्धीकरण प्रकल्पात आहे. कान्ह नदीत पडणारे नाले वळवून त्यांचं पाणी आमच्याकडे आणलंय. लोकांना वाटतं आम्ही पाण्यात औषधं टाकतो. अहो, औषधं फार पुढची गोष्ट! आधी २० मिलिमीटर फटींची जाळी, मग ६ ची. साखळीवर फिरणारा दातेरी रेक गजांना अडकलेला कचरा वर ओढून पट्ट्यावर टाकतो. गुटख्याच्या पुड्या, डायपर, चिंध्या, निर्माल्य. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं. पेढे वाटले आम्ही, आणि त्याच संध्याकाळी रेकमध्ये नारळ अडकला होता.

अशाच एका मृगाच्या रात्री पावणेदोनला दोन नंबरचा रेक ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. रिसेट केला, वीतभर वर आला, पुन्हा बंद. जाळीच्या अलीकडचं पाणी चढायला लागलं होतं. बॅटरी मारली तर फेसात काहीतरी लांबट, जाड, कापडात गुंडाळलेलं.

"साहेब, माणूस तर नाही ना?" काका म्हणाले. वीस वर्षं जाळीवर काढलेला माणूस, पण आवाज कापत होता.

नवा मदतनीस शर्ट काढून तयार. "दोन मिनिटांचं काम, उतरतो अन् ओढतो." मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडलो की नंतर माझं मलाच कसंतरी झालं. पण मीटर हायड्रोजन सल्फाइड, गटारातला विषारी गॅस, १७ पीपीएम दाखवत होता, आणि १० च्या वर आम्ही कुणाला उतरवत नाही. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर तरी कळतं. गॅस फार वाढला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणूस समजतो, गेला गॅस.

पॅनल बंद करून कुलूप लावलं, गेट पाडलं, पाणी स्टँडबाय चॅनलला वळवलं. मग वरूनच हूक आणि चेनपुली. चौघांना घाम फुटला.

गोधडी होती. सुतळीने बांधलेली, आत उशी. एका कडेला नऊवारीचा काठ शिवलेला.

"कुणाच्या तरी घरचं माणूस गेलंय," काका म्हणाले. "अंथरूण सोडलंय पाण्यात."

मी काही बोललो नाही. आजोबा गेले तेव्हा त्यांची गादी स्कूटरवर मागे बांधून मीच पुलावर नेली होती. तेव्हा मी डिप्लोमाला होतो. खाली जाळी असते हे मला ठाऊकच नव्हतं.

काकांनी ती कचऱ्याच्या ढिगात टाकू दिली नाही, भिंतीशी वेगळी ठेवली. सकाळी गाडी आली तेव्हा गेली तीही सगळ्यांबरोबरच. लॉगबुकात कारणाच्या रकान्यात मी 'कापड' लिहिलं.

पहाटेपर्यंत तोच रेक आणखी दोनदा थांबला. एकदा पोतं, एकदा सायकलचं टायर.