ओइवा-सामांच्या दारी: टोकियोतला एक दिवस

गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी ओइवाला भेटून आलो. भेटून आलो असंच म्हणते, कारण दिवस संपेपर्यंत आम्हां दोघींना तसंच वाटायला लागलं होतं.

आई कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे निशि-कासाईला आली होती. देवळं, बागा, फुजी बघून झाला होता. एका रात्री जेवताना मी तिला जपानमधल्या सगळ्यात प्रसिद्ध भुताची गोष्ट सांगितली. सुडाने पेटलेल्या मृतात्म्याला इथे ओन्र्यो म्हणतात, आणि ओन्र्यो म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी ओइवा येते. मोकळे सोडलेले केस, सुजून लोंबणारा डोळा. आईने पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिला लेकरू होतं का गं?"

होतं. तिथूनच सगळं सुरू होतं.

१८२५ साली एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, नाकामुरा-झा नाटकगृहात चौथ्या त्सुरुया नानबोकूचं 'तोकाइदो योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक पहिल्यांदा लागलं. त्यातली ओइवा नुकतीच बाळंत झालेली आहे. नवरा तामिया इएमोन हा धनी गमावलेला सामुराई. घरात दारिद्र्य, बाळंतिणीच्या अंगात ताकद नाही. शेजारच्या श्रीमंत इतोच्या नातीचं, ओउमेचं, इएमोनवर मन बसलेलं. त्या घरातून ओइवासाठी औषधाची पुडी येते. आपल्याकडे बाळंतकाढा पाठवावा तशी. ओइवा शेजाऱ्यांच्या घराकडे तोंड करून हात जोडते, पुडीतला कणन् कण तळहातावर घेते आणि गरम पाण्याबरोबर पिते. ते विष असतं.

पुढचा प्रसंग काबुकीत फार सावकाश करतात. विद्रूप झालेला चेहरा तिला आरशात दाखवला जातो. त्या घरी जाऊन तोंडावर बोलायचं म्हणून ती उठते, पण तशीच जात नाही. लग्न झालेल्या बाईने जावं तशी तयार होऊन जायचं असतं तिला. आधी दात काळे करते, मग आईची आठवण म्हणून जपलेल्या कंगव्याने केस विंचरायला बसते. प्रत्येक वेळी कंगव्याबरोबर केसांचा पुंजका हातात येतो, रक्ताने भिजलेला.

दात काळे करण्याचं ऐकून आई एकदम म्हणाली, "म्हणजे दातवण! माझी पणजी लावायची. सवाष्णीचं लेणं होतं ते." मी गोष्ट कितीतरी वेळा वाचली होती, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. तोवर ओइवा माझ्यासाठी जपानी भूत होती. त्या क्षणी ती घरातली कुणीतरी झाली. आई म्हणाली, "कुठे आहे तिचं ठिकाण? जाऊन येऊ."

ठिकाणं शहराच्या तीन भागांत आहेत, आणि एका दिवसात आरामात होतात. मी चौथाही एक भाग जोडला, त्याचं कारण पुढे येईल.

सकाळी आठला निघालो. निशि-कासाईहून तोझाई लाईनने कायाबाचोला उतरून शिनकावा भागात चालत गेलो. इथे ऑफिसांच्या इमारतींमध्ये एक लहानसं ओइवा मंदिर आहे. हे मूळ ठिकाण नव्हे. योत्सुया भागातलं मूळ मंदिर १८७९ च्या आगीत गेलं. तेव्हा पहिला इचिकावा सादानजी या काबुकी नटाने विनंती केली, की दर वेळी योत्सुयापर्यंत जाणं लांब पडतं, नाटकगृहांच्या जवळ जागा बघा. तसं ते इकडे आलं. हे नाटक करायचं तर आधी ओइवाच्या दर्शनाला जायचं, ही नटमंडळींची रीत आजही आहे. नारळ फोडून, नटराजाला नमस्कार करून पडदा वर नेणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वेळ कमी असेल तर शिनकावा गाळा, पण योत्सुया गाळू नका.

कायाबाचोहून परत तोझाई लाईनने ओतेमाची, तिथे मारुनोउची लाईन पकडून योत्सुया-सानचोमे. स्टेशनातून वर आलात की शिनानोमाचीच्या दिशेने चालायला लागा. पाचेक मिनिटांत सामोनचोच्या गल्ल्या लागतात. अगदी राहती वस्ती आहे. वाळत घातलेले कपडे, दारातल्या सायकली, कुंड्या. एका अरुंद गल्लीत लाल पताका दिसल्या की पोचलात.

इथे माझी पूर्वी एक चूक झाली होती, ती तुमची होऊ नये. गल्लीच्या दोन बाजूंना, जवळजवळ समोरासमोर, ओइवाची दोन ठिकाणं आहेत. एक ओइवा इनारी तामिया जिंजा, हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, मंदिर. दुसरं योउनजी, हे निचिरेन पंथाचं बौद्ध मंदिर. पहिल्यांदा एकटी आले तेव्हा मी योउनजीत नमस्कार केला आणि पाहून झालं म्हणून परत गेले. मूळ जागा पाठीमागे राहिली. दारात तोरी, म्हणजे दोन खांबांची कमान, दिसली की ते शिंतो. तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. दानपेटीत टाकायला पाच येनची नाणी जमवून ठेवा. पाच येनला 'गो-एन' म्हणतात, आणि ऋणानुबंधाच्या शब्दाचा उच्चारही तोच. एका नात्यापायी बळी गेलेल्या बाईपुढे ते नाणं टाकताना हात जरा थांबतो.

आम्ही गेलो तेव्हा समोरच्या घरातल्या आजी गल्ली झाडत होत्या. मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "ओइवा-सानचं देऊळ हेच ना?" त्यांनी झाडू थांबवला, मान डोलावली आणि हळूच म्हणाल्या, "ओइवा-सामा." रागावल्या नव्हत्या. वडीलधाऱ्या बाईला कुणी अगं-तुगं केलं की आपणही असंच शांतपणे 'अहो म्हण' असं सांगतो. तेव्हापासून मी सामाच म्हणते. तुम्हीही म्हणा.

आणि तो मान का, हे तामिया मंदिराची परंपरा ऐकल्यावर कळतं. तिथे सांगतात ती ओइवा भूत नाहीच. ती तामिया घराण्यातली मुलगी, १६३६ साली वारली, म्हणजे नाटकाच्या जवळपास एकशे नव्वद वर्षं आधी. नवऱ्याशी तिचं चांगलं जमायचं. घर गरिबीत होतं, म्हणून तिने दुसऱ्यांकडे चाकरी केली, घरच्या इनारी देवाची मनापासून भक्ती केली आणि घराणं पुन्हा उभं केलं. शेजारीपाजारी त्या देवाला यायला लागले, त्यातून मंदिर झालं. मधल्या काळात, १७२७ च्या सुमाराच्या 'योत्सुया झोतानशू' या कथासंग्रहात वेगळीच ओइवा येते. देवीच्या रोगाने चेहरा गेलेली, नवऱ्याने आणि त्याच्या वरिष्ठाने फसवलेली, खरं कळल्यावर वेडीपिशी होऊन रस्त्यावर धावत गेलेली. नानबोकूने तिच्यावरून आपली ओइवा रचली. नाटकात त्याने जागाही बदलून झोशिगायाची योत्सुया-माची केली.

मला विचाराल तर या तिन्ही खऱ्या आहेत. घर वर काढणाऱ्या बाईचं नाव घेऊन लोकांनी घर मोडलेल्या बाईची गोष्ट सांगितली, कारण तशा बाया गल्लोगल्ली होत्या आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती.

तामिया मंदिर लहान आहे, दहा मिनिटांत बघून होतं. तरी थोडं थांबा. कोल्हा हा इनारी देवाचा दूत, म्हणून कोल्ह्यांच्या मूर्ती आहेत. आजचं मंदिर १९५२ चं, जागेला मात्र १९३१ पासून ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. समोरच्या योउनजीत ओइवाची लाकडी मूर्ती आहे. तिथे लोक येतात ते वाईट नाती तुटावीत म्हणून. मारहाण करणारा नवरा, छळणारा वरिष्ठ, सुटत नसलेलं व्यसन. लाकडी पाट्यांवर मागणं लिहून टांगतात. त्या वाचू नका, त्यांचे फोटो तर मुळीच काढू नका. आम्ही होतो तेव्हा ऑफिसच्या कपड्यांतली पंचविशीची एक मुलगी पाटी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने ती दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आईने माझा हात धरून मला बाजूला नेलं. "तिला वेळ दे," एवढंच म्हणाली.

मारुनोउची लाईनने शिंजुकू, तिथून यामानोते लाईनने सुगामो. वाटेत जिझो-दोरी ही ज्येष्ठांची बाजारपेठ लागते. कोगानजी मंदिरात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, एक मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तोच भाग ओल्या फडक्याने पुसायचा. आईने गुडघा पुसला. चार, चौदा आणि चोवीस तारखेला इथे जत्रा असते, रांग लांब लागते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी तेवढे दिवस टाळावेत. शाकाहारी असाल तर शिओ-दाइफुकू घ्या, खारट चवीच्या तांदळाच्या पिठात गोड लाल घेवड्याचं सारण असतं. सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्शात मात्र सुक्या माशाचा अर्क असतो, वरून भाज्याच दिसत असल्या तरी. आम्ही घरून दशम्या नेल्या होत्या.

जिझो-दोरी संपल्यावर थोडं पुढे, शिन-कोशिनझुका थांब्याजवळ, म्योग्योजी आहे. हे मंदिर १९०९ साली योत्सुयाहून इकडे हलवलं आणि त्याबरोबर ओइवाची समाधीही आली. समाधी स्मशानभूमीत मागच्या बाजूला आहे. याच आवारात असानो घराण्याच्याही समाध्या आहेत. 'सत्तेचाळीस रोनिन', म्हणजे धनी गमावलेले सामुराई, ज्याच्यासाठी मेले ते हे घराणं. १८२५ मध्ये ओइवाचं नाटक त्या रोनिनांच्या नाटकाबरोबर जोडून, दोन दिवसांत मिळून, लावलं होतं. नाटकातला इएमोन त्याच घराण्याचा पदरी माणूस दाखवलाय. एकीकडे धन्यासाठी जीव देणारे, दुसरीकडे बायकोचा जीव घेणारा. तिथे उभं राहून हे आठवलं की नानबोकूने काय केलं होतं ते कळतं.

ही चालती स्मशानभूमी आहे, लोकांची माणसं इथे आहेत. आवाज करू नका. अंधार पडायच्या आत जा, मजा म्हणून रात्री जाऊ नका. बहुतेक मंदिरांची दारं संध्याकाळी बंद होतातच. आणि उन्हाळ्यात डासांचं मलम लावून जा. आम्ही विसरलो. पाच मिनिटांत आईच्या पायांवर गांधी उठल्या. पाय खाजवताना तिने विचारलं, "मच्छरदाणीचं काय होतं गं त्या गोष्टीत?"

घरात गहाण टाकायला काही उरत नाही, तेव्हा इएमोन मच्छरदाणी ओढून नेतो. बाळाला डास फोडून काढतील म्हणून ओइवा ती सोडत नाही. तो हिसडा मारतो, आणि तिची नखं जाळीबरोबर निघून जातात.

आई काही बोलली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून ती समाधीकडे गेली आणि दगडावर हलकेच पाणी घातलं. इथेही समाधीला पाणी घालतात, पण हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. बादलीतून पळीने घालायची पद्धत आहे, बादल्या आवारात ठेवलेल्या असतात, तुम्ही त्या वापरा.

शिन-कोशिनझुकाहून ट्राम घेतली. पुढच्या दाराने चढायचं, चढतानाच भाडं द्यायचं, कुठेही उतरा भाडं तेच. पास्मो-सुइका ही प्रवासाची कार्डं चालतात. ओत्सुकावरून घरांच्या परसांना खेटून जाणारी ही ट्राम किशिबोजिन-माए थांब्याला नेते. हाच तो झोशिगाया, नानबोकूने ओइवाला आणून बसवलेला भाग.

इथल्या १६६४ च्या मंदिरातली देवता किशिमोजिन, म्हणजे आपली हारिती. लोकांची पोरं पळवून खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुलं. बुद्धाने तिचं धाकटं लेकरू लपवलं, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. या मंदिराच्या नावात 'राक्षस' या अक्षरावरचा शिंगासारखा ठिपका मुद्दाम गाळून लिहितात, कारण आता तिला शिंग उरलेलं नाही. ऑक्टोबरच्या १६ ते १८ ला इथे मोठा उत्सव असतो. ऑगस्टमध्ये येणार असाल तर त्याऐवजी यानाकातलं झेनशोआन बघा, तिथे महिनाभर भुतांची जुनी चित्रं मांडतात.

आवारातला गिंको प्रचंड आहे. त्याच्याखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. मी आईला सांगितलं की हीच हारिती अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात आहे, नवरा पांचिक याच्या शेजारी बसलेली, आणि खाली मुलांची रांग. आई अजिंठ्याला दोनदा जाऊन आली आहे, शाळेच्या सहली घेऊन.

"बघितली असेल," ती म्हणाली, "पण कोण ते कुणी सांगितलं नव्हतं." मग हात झटकून उठली आणि दानपेटीसाठी पाच येनचं नाणं मागितलं. माझ्याकडे एकच उरलं होतं. ते तिने टाकलं.