येळ्ळूरच्या शिवारात तिक्कुपुल्ला

मावशीनं परातीतला कणकेचा गोळा लेकीच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "आता ह्याचं काय करणार गं बाळ?" लेक काही बोलली नाही. दोरी वळावी तशी तिनं कणीक लांब वळली, काटकीच्या टोकाला गोल गुंडाळली आणि निखाऱ्यांवर धरून बसली. काटकीसुद्धा मावशीनंच निवडून दिली होती. बांधावरची करंजाची तिनं उचलली होती, ती काढून घेऊन मावशीनं पेरूची मोडून दिली. करंजाला पोळी लावून खायची नसते, एवढं सांगून पुन्हा चुलीकडं वळली. दहा मिनिटांत कणीक फुगली, वरून करपली, आतून मऊ राहिली. काकांनी तुकडा मोडून खर्ड्यात बुडवला आणि म्हणाले, "चांगलं लागतंय की! काय म्हणत्यात ह्याला?"

"तिक्कुपुल्ला," लेक म्हणाली. तिक्कु म्हणजे काटकी, पुल्ला म्हणजे गोडसर पाव. फिनलंडमधलं प्रत्येक पोर जंगलातल्या जाळावर हे करतं. येळ्ळूरच्या शिवारात ते बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

आम्ही सात वर्षांपासून एस्पोत राहतो. हेलसिंकीला लागून असलेलं शहर. बेळगावहून फोन आला की थंडीच्या दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो: "पोरं दिवसभर घरातच असतील नाही?" म्हणून आधी तिकडचं सांगते.

नोव्हेंबरला फिनिश भाषेत मर्रासकू म्हणतात. त्यातल्या 'मर्रास' शब्दाचा अर्थ मरणाशी जोडलेला आहे, आणि महिना तसाच असतो. बर्फ अजून धरलेला नसतो, पाऊस आणि बर्फ मिसळून पडतं, झाडं उघडी. डिसेंबरच्या सुरुवातीला सकाळी नऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि दुपारी सव्वातीनला सूर्य मावळतो. मुलं अंधारात शाळेत जातात, अंधारातच परत येतात. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरभर खिडक्या लावून बसले होते. धाकटा तेव्हा झाला नव्हता, लेक दोन वर्षांची. आम्ही दोघीही चिडचिड्या झालो होतो.

मग ती पाळणाघरात जायला लागली आणि तिथल्या बाईंनी मला सामानाची यादी दिली. त्यात खेळणं एकही नव्हतं. होते ते कुराहोउसुत, म्हणजे चिखलात बसता यावं म्हणून रबरासारख्या कापडाची पँट, लोकरीचे मोजे, दोन जोड हातमोजे, गमबूट. पाऊस असो, बर्फ असो, मुलं दिवसातून दोनदा बाहेर जाणारच. तान्ही बाळंसुद्धा बाबागाडीत पांघरूण घालून अंगणात झोपवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजात धस्स झालं होतं. धाकटा झाल्यावर मीच त्याला गॅलरीत झोपवायला लागले, आणि तो घरातल्यापेक्षा तिथं जास्त वेळ झोपायचा.

रविवारी आम्ही नूक्सिओला जातो. एस्पोच्याच हद्दीत लागणारं हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ साली झालेलं. तळी, खडक, देवदाराच्या जातीची उंच झाडं. शहरातल्या बसनं जाता येतं, आत जायला तिकीट नाही. वाटेवर ठरलेल्या ठिकाणी शेकोटीची जागा, बसायला ओंडके, लाकडांची खोली आणि कुऱ्हाड ठेवलेली असते. लाकूड आपण फोडायचं, जाळ करायचा, खायचं, आणि पुढच्या माणसासाठी जागा नीट ठेवून जायचं. तिथली माणसं सॉसेज भाजतात. आम्ही शाकाहारी, म्हणून तिक्कुपुल्ला आणि रताळी. पण तिकडचं रताळं आतून केशरी आणि पाणचट असतं. दरवेळी ते सोलताना मला आपल्या पांढऱ्या, पिठूळ रताळ्याची आठवण यायची आणि मी मुलांना सांगायचे, अरे, रताळं म्हणजे हे नव्हे.

खरं रताळं दाखवायचं म्हणूनच गेल्या डिसेंबरात यायचं ठरवलं, असं म्हटलं तरी चालेल. आम्ही एरवी उन्हाळ्यात येतो, कारण तेव्हा तिकडं शाळेला मोठी सुट्टी असते. म्हणजे इथं जूनचा पाऊस, चिखल, सगळी शेतं पेरणीच्या गडबडीत. मुलांनी बेळगावची थंडी पाहिलीच नव्हती. शाळेकडं अर्ज करून दोन आठवड्यांची रजा घेतली. कुठं रिसॉर्ट नाही, गोवा नाही. बेळगावातल्या शहापुरात आई-आप्पांकडं राहायचं आणि एक दिवस मावशीच्या शेतात.

मुंबईहून रात्रीच्या बसनं आलो. निपाणी मागं पडली तेव्हा बाहेर अंधार होता. संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागायला लागल्या. एकामागून एक, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, मागं ना दिवा ना चकाकणारी पट्टी. ड्रायव्हर अगदी जवळ गेल्यावर ब्रेक दाबत होता. लेक खिडकीशी जागी होती. म्हणाली, "आई, ह्यांना रिफ्लेक्टर नाही?" फिनलंडमध्ये अंधारात रस्त्यानं चालणाऱ्या माणसानंसुद्धा अंगावर रिफ्लेक्टर लावायचा असा कायदा आहे. मुलांच्या प्रत्येक कोटाला, दप्तराला दोरीनं लोंबणारे असतात, चांदणीचे, घुबडाचे, माशाचे. आपल्याकडं हंगाम सुरू झाला की अशा ट्रॉलीवर मागून धडकून माणसं जातात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिला एवढंच म्हटलं, "नाही गं. असायला पाहिजे."

घरी पोचलो तेव्हा आप्पा स्वेटर, मफलर, वर शाल अशा थाटात अंगणात उभे होते. मुलं टी-शर्टवर उतरली. १४-१५ अंश म्हणजे त्यांच्या लेखी उन्हाळाच. आई जवळजवळ ओरडलीच. "कुंची घाल त्याच्या डोक्याला! दोन दिवसांत खोकायला लागेल!" मी काही समजावत बसले नाही. आईनं कपाटातून माझ्या लहानपणची लोकरीची टोपी काढली आणि धाकट्यानं ती आनंदानं घातली, कारण तिला गोंडा होता.

शनिवारी ६ डिसेंबर. फिनलंडचा स्वातंत्र्यदिन, १९१७ सालचा. संध्याकाळी सहा ते आठ घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी तिकडं मिरवणुकीपेक्षा ही शांतताच जास्त जाणवते. काळोख्या इमारतीत ओळीनं दोन-दोन ज्योती. लेकीला त्या शहापुरातही लावायच्या होत्या. लावल्या. शेजारच्या आज्जी विचारायला आल्या, "दिवाळी झाली की, आता कसले दिवे?" लेकीनं त्यांना तिच्या मराठीत सगळं सांगितलं. आज्जींनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, आज बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, आज दिवा लावावाच. आणि घरी जाऊन त्यांनीही आपल्या खिडकीत एक पणती आणून ठेवली. सहाच्या सुमाराला इथं नुकतं दिवेलागण होत होतं. एस्पोत तेव्हा दुपारचे अडीच.

आणि रविवारी येळ्ळूर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेळगावच्या दक्षिणेला राजहंसगड, त्याच्या पायथ्याशी येळ्ळूर, आणि तिथून वडगाव-शहापूरपर्यंत पसरलेलं काळ्या मातीचं भाताचं शिवार, मधून बळ्ळारी नाला. बेळगावचा बासमती ह्याच पट्ट्यातला. नोव्हेंबरात भात कापलं की जमिनीतली ओल वाया घालवत नाहीत. त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. वरून पाणी लागत नाही. रात्रीचं दहिवर आणि मातीतला ओलावा एवढ्यावर पीक येतं. म्हणजे डिसेंबरात इथं एका नजरेत दोन हंगाम दिसतात. एका वावरात भाताच्या वळी अजून रचलेल्या, शेजारच्यात बोटभर मसूर वर आलेला.

आम्ही पहाटेच निघालो. गाडी रस्त्याला लावून बांधावरून चालत गेलो. धुकं गुडघ्याएवढं जमिनीला चिकटलेलं, वर आभाळ स्वच्छ. गवतावरच्या दहिवरानं मुलांचे बूट ओले झाले, मग त्यांनी ते काढूनच टाकले. मावशी लांबून बघत होती. "पोरगीला पायात घाल की काहीतरी! खरं तुम्ही ऐकणार कुठलं!" आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' येतं, हे मुलांना मी सांगितलं नव्हतं. दिवस संपेपर्यंत धाकटा "खरं मला अजून पाहिजे" म्हणायला लागला होता.

लेक मात्र मध्येच थांबली. "हे शेत कुणाचं? विचारायला नको?" प्रश्न बरोबर होता. फिनलंडमध्ये जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातून चालायचा, बेरी आणि अळंबी तोडायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र कुणाच्या अंगणात, पेरलेल्या शेतात शिरायचं नाही, आणि जाळ तर मालकाच्या परवानगीशिवाय कुठंच नाही. मी तिला सांगितलं, पिकात पाय टाकायचा नाही, बांधावरून गेलं तर कुणी अडवत नाही. तेवढ्यात पलीकडच्या वावरात हरभऱ्याची पालेभाजी खुडणाऱ्या बाईंनी हाक मारली आणि ओटीतली भाजी मूठभर तिच्या हातात दिली. कन्नडमधून म्हणाल्या, "भाळ थंडी ऐत्री!" लेक माझ्याकडं वळली, तिला त्यातला 'थंडी' कळला होता. आमच्या भागातल्या कन्नडलाही थंडी हाच शब्द. एस्पोत रस्त्याच्या पाट्यांवर फिनिश आणि स्वीडिश दोन्ही भाषांत नावं असतात, एस्पोला स्वीडिशमध्ये एस्बो. ते तिला ओळखीचं आहे. आपल्याकडच्या पाट्यांवरच्या मराठी-कन्नड वादाचं दुखणं मी तिला अजून सांगितलेलं नाही. मोठी झाली की सांगेन.

खळ्यावर मळणी चालली होती. बैलांनी मेढीभोवती मळायचे दिवस आता गेले, मशीन असतं. तरी काकांनी घरापुरतं थोडं भात हातानं झोडपायला ठेवलं होतं, मुलांना दाखवायला म्हणून. पेंढी डोक्यावरून घ्यायची आणि फळीवर आपटायची. दाणे पावसासारखे उडतात. धाकट्यानं वीस-पंचवीस वेळा आपटलं असेल, अंगभर कुसं, मान लाल, पण थांबेना. मग वारं सुटल्यावर मावशीनं सुपातून वारं दिलं. दाणा पायाशी, फोल लांब. लेक त्या उडणाऱ्या फोलाकडं बराच वेळ बघत उभी होती. मीही. किती वर्षांनी पाहत होते.

जेवण तिथंच. नव्या तांदळाचा भात, मसुराची आमटी, भाकरी, खर्डा, दही, खुडलेल्या हरभऱ्याची भाजी. नव्या भाताला जो वास असतो तो तिकडच्या पिशवीतल्या बासमतीला कधीच येत नाही. आणि शेवटी रताळी. निखाऱ्यात पुरून तासभर ठेवलेली, साल काळी, हातात धरवेना. लेकीनं फोडलं, आत पांढरं, पीठ पीठ, वाफ निघतेय. एक घास खाऊन तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू खरं सांगत होतीस."

दुपारी गडावर गेलो. महाराजांच्या पुतळ्यापाशी मुलांनी नमस्कार केला, तटावरून शिवार पाहिलं. वरून हिरवे-पिवळे तुकडे दिसतात, आणि त्यांच्या कडेनं वाढत येणारी घरंही. काका बायपासला गेलेल्या जमिनींबद्दल बोलायला लागले, मग मुलांकडं बघून थांबले.

बेळगावातल्या माझ्या वयाच्या आई-बापांना मला मनापासून सांगायचं आहे. डिसेंबरातला एक रविवार शिवारात काढा. मावशी-काका नसतील तर ओळखीचं कुणीतरी शेतकरी असेलच. सुगीत दोन हात जास्त आले तर कुणाला नको असतात? मुलांना भात कसं होतं ते दिसू दे. थंडी बाधत नाही, माझी मुलं उणे दहात खेळतात. डोक्याला कुंची घाला हवं तर, आईचं समाधान म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं आपल्या कोटाचा घुबडाचा रिफ्लेक्टर काढून आप्पांच्या काठीला बांधला, पहाटे फिरायला जातात म्हणून. दप्तराचे दोन काकांना दिले. ते त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं दोन बाजूंना तारेनं घट्ट केले, आणि रात्री टॉर्च मारून पाहिलं.

परवा काकांचा फोन आला. पलीकडच्या गल्लीतल्या दोघांनी विचारलं म्हणे, कुठं मिळतात. "पुढच्या खेपेला धा-पंधरा आण," म्हणाले, "खरं मोठं आण, लांबून दिसणारं."