तुम्ही विचारलंत म्हणून: बोडीतले झिंगे ॲक्सोलॉटलला चालतील का?

बोडीत, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यात, जाळं टाकलं की झिंगे फुकट मिळतात, मग ॲक्सोलॉटलला (टाकीत पाळतात तो, बाहेर कल्ले असलेला सॅलॅमँडर जातीचा उभयचर) खायला द्यायला ते विकत कशाला आणायचे, असं बरेच जण विचारतात. उत्तर सरळ आहे: बोडीतले टाकू नका.

भंडारा-गोंदियाच्या तलावांत सापडणारे झिंगे बरेचदा मॅक्रोब्रॅकियम गटातले असतात. त्यांच्या पायांच्या दुसऱ्या जोडीला लांब चिमटे असतात आणि ते रात्री फिरतात. तळाशी निवांत पडलेल्या ॲक्सोलॉटलचे मऊ, बाहेर लोंबणारे कल्ले त्यांना आयते सापडतात. शिवाय धानावर, कपाशीवर फवारलेलं औषध पावसात वाहून बोडीतच उतरतं, आणि रानातल्या झिंग्यांबरोबर परजीवी येतात ते वेगळेच.

पाळायचे तर चेरी श्रिंप, म्हणजे टाकीत वाढवतात ते छोटे झिंगे, पाळा. मादी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, चिमटे नावापुरते, आणि अंड्यापासून पुढची सगळी वाढ गोड्या पाण्यातच होते.

चाळीस लिटरचा टब, स्पंज फिल्टर, जावा मॉस या पाणवनस्पतीचा मोठा गुच्छ आणि वीसेक श्रिंप एवढ्यावर सुरुवात होते. मात्र टब आधी महिनाभर चालू ठेवायचा. पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्यावर आल्याशिवाय जीव सोडायचे नाहीत. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, म्हणून ते दिवसभर हवा सोडून ठेवा. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तसंच वापरू नका. नुसतं आरओचंही नको, त्यात कॅल्शियम नसतं आणि श्रिंपची कात अडकते. आठवड्याला दहा टक्केच पाणी बदला. एकदम अर्धा टब बदलला की श्रिंप अवेळी कात टाकतात आणि मरतात.

खायला उकडलेला पालक, देशी बदामाचं वाळलेलं पान, तेही एक दिवसाआड. उरलेला पालक दोन-तीन तासांत काढायचा. पान राहिलं तरी चालतं.

अख्खा टब एका रात्रीत मरतो तो बहुतेक वेळा मच्छरांच्या औषधानं. अगरबत्ती, लिक्विड, फवारा, बहुतेकांत पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं, आणि हवेचा पंप खोलीतला धूर थेट पाण्यात ढकलतो. ग्रामपंचायतीची धुरळणी आली की टब झाका, पंप बंद करा, खोली मोकळी झाल्यावर लगेच चालू करा. तांब्याचं बुरशीनाशक फवारलेले हात, बादली टबाजवळ नकोच.

पिल्लं तीन-चार आठवड्यांत निघतात, मोठी व्हायला दोन-तीन महिने. म्हणून पहिले तीन-चार महिने एकही काढू नका. पुढेही पोटाखाली अंडी असलेल्या माद्या सोडून बाकीचे काढा.

खरी अडचण तापमानाची. श्रिंपला २२ ते २६ अंश मानवतात, ॲक्सोलॉटलला १६ ते १८. पाण्यावर पंखा लावला की कोरड्या मे महिन्यात दोन-तीन अंश उतरतात, जुलैच्या दमट हवेत तेवढंही नाही. चिलर किंवा एसी नसेल तर विदर्भात ॲक्सोलॉटल पाळूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. श्रिंप ॲक्सोलॉटलच्या थंड टाकीत नेताना डब्यात थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडत तासभर तरी लावा. एकदम टाकले तर धक्क्यानं आडवे होतात.

संध्याकाळी दिवा मंद करून पाच-सहा श्रिंप मॉसमध्ये सोडा. ॲक्सोलॉटलची नजर अधू, पण पाण्यातली हालचाल आणि वास त्याला बरोबर कळतो. तो दबकत जातो, तोंड उघडून पाण्यासकट श्रिंप ओढून घेतो. पंधरा सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लाला मात्र मोठी मादी देऊ नका.

एवढ्यावर पोट भरत नाही. श्रिंप म्हणजे कवच जास्त, मांस कमी. रोजचं जेवण गांडुळंच. पण गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं डिवचली की कडवट रस सोडतात आणि बरेच ॲक्सोलॉटल ती थुंकून देतात. परसातल्या, कधीच फवारणी न झालेल्या ओल्या मातीतली घ्या, धुऊन, मोठी असतील तर तुकडे करून द्या.